मानेसरचे दगड आणि खेळण्यातला ट्रक

मानेसर हे नाव बहुतेक मराठी माणसांच्या कानावर पहिल्यांदा पडलं ते २००८ च्या नोव्हेंबरात. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेले काळ्या वर्दीतले कमांडो इथून निघाले होते. एनएसजी १९८४ मध्ये उभी राहिली, तिचा कायदा १९८६ चा. राष्ट्रीय बॉम्ब डेटा सेंटरही इथंच आहे. फाटकाच्या आत काय चालतं ते लिहायचं नसतं आणि मी लिहिणारही नाही. हा लेख फाटकाबाहेरच्या दगडांवर आहे, आणि त्या दगडांवरून चालणाऱ्या एका खेळण्यावर.

आपल्या सह्याद्रीचा दगड काळा. पावसात निसरडा होतो, पण एरवी पाय धरून ठेवतो. अरवलीचा दगड वेगळा. हा बहुतेक क्वार्टझाइट, पांढरट-तांबूस, फुटला की कडा सुरीसारखी. दिल्ली-जयपूर हायवेच्या एका बाजूला मारुतीचा कारखाना आणि आयएमटीच्या शेड, आणि थोडं आत गेलं की अशा दगडांचे बुटके डोंगर, मध्ये कीकर. रविवारी सकाळी इथं दोन-तीन जण गुडघ्यावर बसलेले दिसतील, हातात रिमोट, समोर वीतभर लांबीचा ट्रक. त्यात मीही असतो. आमच्यातला एक हवालदार सातारचा. तो या प्रकाराला ‘लहान पोरांचं ट्रायल’ म्हणतो, पण येतो दर रविवारी.

या खेळाला रॉक क्रॉलिंग म्हणतात. शर्यत नाही, वेग नाही. दगडांच्या राशीतून, न उलटता, न अडकता, गोगलगायीच्या चालीनं गाडी पलीकडे न्यायची. हौशी लोकांच्या तयार गाड्या पन्नास-पन्नास हजारांच्या असतात. आम्ही घेतो ती तीन-चार हजारांची खेळणी. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात शांतौ शहराजवळ चेंगहाई नावाचा भाग आहे, जगातली निम्मी खेळणी तिथूनच येतात की काय असं वाटावं इतके कारखाने. डब्ल्यूपीएल नावाच्या कंपनीचे ट्रक त्यातल्या त्यात बरे. एक अमेरिकी लष्करी ट्रकासारखा, एक रशियन गाझ-६६ सारखा. आपल्याकडे २०२० मध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० वरून ६० टक्के झाली, नंतर ७० झाली, आणि २०२१ पासून बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. त्यामुळे पूर्वीइतकी स्वस्ताई राहिली नाही. तरी पगारात बसतं.

डब्यातून काढलेलं खेळणं दगडावर चालत नाही. ते गुळगुळीत फरशीसाठी बनवलेलं असतं. मोटर लहान आणि पळणारी. बटण दाबलं की पूर्ण वेग, सोडलं की बंद. स्वस्तातल्या स्वस्त गाड्यांचं स्टिअरिंगही तसंच, एकदम डावीकडे नाहीतर एकदम उजवीकडे. दगडावर अशी गाडी उडी मारते आणि कुशीवर पडते. म्हणून पहिलं काम ताबा मिळवणं. जुनं सर्किट काढून टाकायचं, वेग हळूहळू वाढवणारा-कमी करणारा कंट्रोलर बसवायचा, स्टिअरिंगला धातूच्या गिअरचा सर्व्हो लावायचा, २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर घालायचा. मग मोटर: मोठी, ३७० मापाची, आणि तिच्यामागे गिअरचं जास्त रिडक्शन. मोटर भरपूर फिरते, चाक जेमतेम फिरतं, पण जोर सुटत नाही. ज्यांनी शक्तिमान किंवा जोंगा चालवलीय त्यांना हे शिकवायची गरज नाही. फोर-बाय-फोर लो टाकून चढावर पाय क्लचवरून काढायचा, आणि गाडी आपली आपण चढते, तोच हा हिशेब.

डिफरेन्शियलची गोष्ट जरा उलटी आहे. रस्त्यावर वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून डिफरेन्शियल असतं. दगडावर मात्र एक चाक हवेत गेलं की सगळा जोर त्या मोकळ्या चाकात वाया जातो आणि जमिनीवरचं चाक गप्प बसतं. म्हणून दोन्ही चाकं एकत्र जखडून टाकायची. काही खेळण्यांत खर्च वाचवायला कंपनीनं डिफरेन्शियल दिलेलंच नसतं, चाकं जखडलेलीच येतात. स्वस्ताईचा असा फायदा क्वचितच होतो. जिथं असतं तिथं आम्ही एम-सील भरतो. गाडी मग वळताना मोठा घेर घेते, टायर घासतात, पण चढते.

आणि वजन. नवशिक्याला वाटतं गाडी हलकी हवी. हवी ती खालून जड आणि वरून हलकी. टायरवाल्याकडे बॅलन्सिंगची शिशाची वजनं मिळतात, ती पुढच्या चाकांच्या आत गोल चिकटवायची. बॅटरी मागच्या हौद्यातून काढून पुढच्या आसावर आणायची. पाट्यांच्या स्प्रिंगमधल्या एक-दोन पाट्या काढून टाकायच्या, म्हणजे चाकं दगडाप्रमाणे वरखाली होतात आणि चारही जमिनीला टेकून राहतात. कडक प्लास्टिकचे टायर जाऊन मऊ रबराचे. हे सगळं झालं की मूळ खेळण्यातलं चेसिस, आस आणि वरची टपरी एवढंच शिल्लक राहतं.

हे करता करता मी या खेळण्याचा इतिहास वाचायला लागलो, आणि त्यात सारखे आपलेच लोक भेटायला लागले. आपले म्हणजे सैनिक.

दूरवरून यंत्र चालवायची कल्पना खेळण्यातूनच आली असं म्हणायला हरकत नाही. १८९८ मध्ये निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव रेडिओवर चालवून दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला पेटंट मिळालं. त्याच्या डोक्यात तेव्हाही युद्धच होतं, पण बघणाऱ्यांनी ती गंमत म्हणून पाहिली. पुढं दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गोलियाथ बनवला. साखळीपट्ट्यांवर चालणारी ठेंगणी पेटी, पोटात ६० ते १०० किलो स्फोटक, मागं तारेचं रीळ. सैनिकानं आडोशाला बसून ती शत्रूच्या रणगाड्याखाली किंवा बंकरपर्यंत न्यायची आणि उडवायची. साडेसात हजारांहून जास्त बनवले, तरी तो फसला असंच मानतात. महाग होता, माणूस चालेल त्यापेक्षा फार वेगानं जात नव्हता, तार तुटायची. आणि पोटाखालची मोकळी जागा होती फक्त साडेअकरा सेंटिमीटर. बॉम्बहल्ल्यात पडलेल्या विटा-दगडांत तो पोटावर टेकायचा आणि तिथंच राहायचा. मी जेव्हा जेव्हा ट्रकचं पोट दगडावर टेकवून बसतो तेव्हा हा आकडा आठवतो.

आपल्याकडं त्या काळात असलं यंत्र नव्हतं. होते ते रामा राघोबा राणे.

कारवारजवळच्या चेंडिया गावचे. १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, आणि १९४७ च्या डिसेंबरात सेकंड लेफ्टनंट झाले. पुढच्या एप्रिलमध्ये ते नौशेरा-राजौरी रस्त्यावर सव्विसाव्या मैलाला होते. काम एकच: रणगाड्यांच्या पुढचे सुरुंग आणि रस्त्यावरचे अडथळे काढणं. ८ एप्रिलला सकाळी अकराला काम सुरू व्हायच्या आतच मॉर्टरचा मारा झाला. त्यांच्या तुकडीतले दोघं गेले, पाच जण जखमी, त्यात राणे स्वतः. तरी दिवसभर ते रणगाड्यांजवळच राहिले. बारवली रिज हाती आल्यावर संध्याकाळी साडेचारपासून रात्री दहापर्यंत शत्रूच्या नजरेसमोर वळणरस्ता खणत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरू, दुपारी तीनला रस्ता तयार. मग पहिल्या कॅरिअरमध्ये बसून पुढं. अर्ध्या मैलावर पाईनची झाडं आडवी टाकलेली, उतरून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. १० तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा कामावर. दुपारी तुकडी चिंगसला पोचली. ११ ला रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता मोकळा करत होते. परमवीर चक्र हयात असताना मिळालेले ते पहिले.

हे सगळं मानपत्रात लिहिलेलं आहे आणि खडकीच्या प्रत्येक रंगरुटाला तोंडपाठ असतं. मला त्यात दिसतं ते हे, की त्या चार दिवसांत रणगाडा आणि सुरुंग यांच्यामधली जागा एका माणसाच्या शरीरानं भरून काढली होती. त्यानंतरचा सगळा इतिहास त्या जागेत दुसरं काहीतरी ठेवायच्या खटपटीचा आहे.

ती खटपट यशस्वी झाली ती १९७२ मध्ये, आणि मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे. उत्तर आयर्लंडमध्ये मोटारीत ठेवलेले बॉम्ब निकामी करताना ब्रिटिश लष्कराची माणसं जात होती. (ते काम तिथं ऑर्डनन्सवाल्यांकडे होतं, हे मी सॅपर म्हणून जरा जड मनानंच लिहितोय.) लेफ्टनंट कर्नल पीटर मिलर यांना सुचलं की बागेत माती-खत वाहायची बॅटरीवरची हातगाडी असते, तिचं चेसिस घ्यावं आणि संशयित मोटार ओढून बाजूला न्यावी. माणूस लांब राहील. त्या जुगाडाचं नावच पडलं व्हीलबॅरो, म्हणजे हातगाडी. पुढं तिला साखळीपट्टे आले, कॅमेरा आला, पाण्याच्या झोतानं बॉम्बचं सर्किट विस्कटणारी नळी आली. अशा चारशेहून अधिक गाड्या कामावर असताना नष्ट झाल्या. हा आकडा मी दोनदा वाचला. चारशे वेळा यंत्र गेलं. त्यातल्या प्रत्येक वेळी माणूसच गेला असता असं नाही, पण कितींदा तरी गेला असता.

म्हणून मला वाटतं की व्हीलबॅरोचा खरा गुण तिची किंमत होता. गोलियाथ एकदाच वापरायचा आणि तरी महाग, त्यामुळे तो उडवताना विचार करावा लागे. हातगाडी परत यावी अशी इच्छा असे, पण नाही आली तर कोणी रडत नसे. जे गमवायला परवडतं तेच पुढं पाठवता येतं. यंत्र फार किमती झालं की साहेब लोक ते जपायला लागतात आणि माणूस पुन्हा पुढं जातो. हे फक्त यंत्राबाबत नाही, स्टोअरमधल्या नव्या दुर्बिणीबाबतही मी पाहिलंय.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच १९७२ च्या सुमारास आयर्लंडमधले अतिरेकी मॉडेल विमानांचे रेडिओ बॉम्बला जोडायला लागले होते. एकाच प्रकारच्या दुकानातला माल दोन्हीकडे. २००७ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर रिमोटच्या खेळण्यांची खास तपासणी सुरू झाली ती याच धास्तीनं. माझ्या सामानातला रिमोट पाहून दिल्लीच्या विमानतळावर जवान दोन मिनिटं जास्त घेतो, त्याचं मला काही वाटत नाही. त्यानं घ्यावीतच.

खेळण्यांचा स्वतःचा इतिहास थोडक्यात आटपतो. १९६६ मध्ये इटलीत रेडिओवर चालणारी फेरारी विकायला आली. १९७६ मध्ये जपानच्या तामियानं पोर्शे काढली आणि हा छंद घराघरात गेला. १९८७ चा त्यांचा क्लॉड बस्टर मात्र आमच्या कामाचा: दोन मोटरी, प्रत्येक आसावर एक, चारही चाकं ओढणारी आणि चारही वळणारी. दगडावर चढणाऱ्या पहिल्या गाड्या लोकांनी त्याच्यातूनच कापून-जोडून केल्या. दगडावर हळू चालण्याचं शास्त्र आणखी एका ठिकाणी वाढत होतं. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेली सोजर्नर साडेदहा किलोची होती आणि सेकंदाला एक सेंटिमीटर चालायची. आपलं २६ किलोचं प्रज्ञान २०२३ मध्ये चंद्रावर तसंच चाललं, सहा चाकं, प्रत्येक चाक दगडाप्रमाणे वरखाली होणारं. एकूण प्रवास शंभर मीटरच्या थोडा वर. आमच्या रविवारच्या मंडळींत याचा फार अभिमान आहे. आमच्यापेक्षाही हळू जाणारं कोणीतरी आहे!

खेळणं खरोखर लढाईत उतरलं ते अफगाणिस्तानात. एका अमेरिकी स्टाफ सार्जंटला त्याच्या भावानं २००७ मध्ये घरून एक रिमोटचा ट्रक पाठवला, वर छोटा कॅमेरा बसवून. छंदाच्या दुकानात मिळणारा. गस्तीची गाडी जायच्या आधी हा ट्रक पुढं पाठवायचा आणि पडद्यावर रस्ता पाहायचा. काही वर्षांत त्यानं अनेक बॉम्ब शोधून दिले. २०११ मध्ये तो दुसऱ्या एका तुकडीनं उसना नेला होता. ट्रक एका तारेत अडकला आणि मोठा स्फोट झाला. ट्रकचे तुकडे झाले. मागच्या गाडीत सहा सैनिक होते, सहाही वाचले. बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हा लोकांनी कौतुक केलं ते खेळण्याचं. मला त्या भावाचं जास्त वाटलं. रसद खात्याला जे सुचलं नाही ते घरच्या माणसाला सुचलं.

आता पुण्याकडे येऊ. खडकीला आमचं बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, दापोडीला सीएमई, आणि आळंदी रस्त्याला दिघीला डीआरडीओची आर अँड डीई प्रयोगशाळा, सगळं सायकलवरून एका दिवसात बघून होईल एवढ्यात. दिघीच्या प्रयोगशाळेनं ‘दक्ष’ बनवला: चाकांवरचा, बॅटरीवर चालणारा, जिने चढणारा रोबो. ५०० मीटरवरून चालवता येतो, लांब हातानं वस्तू उचलतो, एक्स-रे घेतो, पाण्याच्या झोतानं बॉम्ब निकामी करतो. लष्करानं आधी २० मागवले, २०११ च्या डिसेंबरात पहिले पाच मिळाले. वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. उत्तम यंत्र आहे आणि आपल्या मातीत बनलं याचा आनंद आहे. पण साडेतीनशे किलो न्यायला ट्रक लागतो, उतरवायला फळ्या लागतात, आणि गल्लीबोळात, उसाच्या फडात, नाल्यात ते जात नाही. तिथं तीन-चार किलोचं, हरवलं तरी चालेल असं काहीतरी हवं. मोठं आणि छोटं अशी दोन्ही हवीत, एकानं दुसऱ्याची जागा घ्यायची नाही. जगभर आता पाठीवरच्या पिशवीत मावणारे रोबो निघाले आहेत. त्यांची चाकं-पट्टे पाहिले की आमचेच प्रश्न दिसतात. पोट टेकू नये, वजन खाली असावं, हळू चालवता यावं.

आणि काही कामं अशी आहेत की तिथं अजून हातच जातो. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोटच्या हवाई तळावर चकमक झाल्यावर मारल्या गेलेल्या दहशतवाद्यांची झडती घ्यायची होती. ३ जानेवारीला एनएसजीच्या बॉम्बविरोधी पथकाचे लेफ्टनंट कर्नल निरंजन ई. के. एका प्रेताजवळ काम करत असताना स्फोट झाला आणि ते गेले. मूळचे मद्रास सॅपर्सचे, आमचे भाऊबंद. तिथं यंत्र असतं तर काय झालं असतं हे लांबून बोलायचा मला अधिकार नाही. जो जागेवर असतो तोच ठरवतो, आणि त्यानं ठरवलं होतं. पण इथं मानेसरला त्यांचं नाव निघतं तेव्हा बोलणं थांबतं, एवढं सांगतो.

मग या खेळण्याचा सैनिकाला उपयोग काय, असं एका निवृत्त सुभेदार साहेबांनी मागच्या लेखाखाली विचारलं होतं. रोबो चालवायचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि खेळण्यानं त्याची जागा घेता येत नाही. पण बोटांना एक सवय लागते. घाई झाली की अंगठा नकळत पुढं दाबला जातो, गाडी उडते, पडते. दहा-बारा रविवार गेले की अंगठा शिकतो. दगड दिसला की नवखा माणूस तो दोन चाकांच्या मध्ये घेतो, रस्त्यावर आपण तसंच करतो ना. इथं चाक दगडाच्या डोक्यावर ठेवायचं, म्हणजे पोट मोकळं राहतं. पडद्यावरून बघत चालवायचं असेल तर आणखी अवघड. उंच-सखल कळत नाही, सावली खड्डा वाटते. आमच्या सातारच्या हवालदारानं फोनच्या पडद्यावर बघून एका नाल्यातून ट्रक बाहेर काढला, त्याला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात तो एक शब्द बोलला नाही. एरवी तो गप्प बसत नाही.

दोन-तीन माजी सैनिकांनी नातवंडांसाठी कुठला ट्रक घ्यावा असं विचारलंय. चार-पाच हजारांत बसतो तो घ्या, १:१६ मापाचा. फक्त विकत घेताना वेग कमी-जास्त करता येतो का ते बघा, नुसतं चालू-बंद असेल तर सोडा. सुरुवातीला काहीच बदलू नका, महिनाभर तसाच चालवू द्या. आधी टायर बदला, मग वजन, मोटर सगळ्यात शेवटी. पुण्यात सुटे भाग बुधवार पेठेत तापकीर गल्लीत बघा, दिल्लीत असाल तर लाल किल्ल्यासमोरचं लजपतराय मार्केट. लिथियम बॅटरी फुगली तर ती पुन्हा चार्ज करायची नाही, आणि चार्ज होत असताना पोराला खोलीत एकटं सोडायचं नाही. शिशाची वजनं तुम्ही स्वतः लावा आणि नंतर हात साबणानं धुवा.